माडावरची चुंबळ

"हंसाबाय, उद्या तू जरा लांबच उभी राहा हां."

भाऊसाहेब चुरी असं बोलले तेव्हा मी त्यांच्याच ओटीच्या पायरीशी बसून त्यांच्याच जेवणाचे बोंबील कापत होते. विळीवरचा माझा हात थांबला.

"कशापासून लांब, भाऊसाहेब?"

"अगं, तुझी सून उद्या माझ्या वाडीत गांधीलमाश्या सोडणार ना? त्या म्हणे वासावर चालतात. तू पाटी घेऊन पुढे उभी राहिलीस तर माड राहायचा बाजूला, सगळ्या तुझ्यामागे लागायच्या! आणि तालुक्याचे साहेबही येणार. त्यांच्या नाकाचा तरी विचार कर."

वाडीतले गडी हसले. भाऊसाहेबांची बायको पदराआड हसली. आणि मीही हसले, बघा. दात काढून हसले. घरी जाईपर्यंत तेच मला टोचत राहिलं, की त्यांच्याबरोबर मी का हसले.

मी जातीची कोळीण, हंसाबाय तांडेल. माडबंदरला आणि आसपासच्या चार पाड्यांवर मासळी विकत आयुष्य गेलं. आमची बोली वेगळी आहे, पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून मला तुमच्यासारखं बोलायची सवय झाली. अंगाला सुकटीचा वास येतो हे मला कोणी सांगायला नको होतं. गावातली मांजरं माझ्या मागे वरात काढल्यासारखी चालायची. पण त्याची लाज मला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली, आणि तीही माझ्यासाठी नाही, सुनेसाठी वाटली.

माझी सून शर्वरी कऱ्हाडकडची. तिकडे कॉलेजात माझ्या हर्षदची आणि तिची गाठ पडली. लग्न झालं, तो बोटीवर नोकरीला गेला, आणि घरात उरलो आम्ही दोघी. पहिल्या दिवशी तिच्या ताटात मी सुका जवळा वाढला तर पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खाल्ला तिनं. पुढे इतकी चटक लागली की बोंबलाचं कालवण माझ्यापेक्षा झणझणीत करायची.

ती शिकलेली होती किड्यांचं, आणि तालुक्याच्या शेती ऑफिसात नोकरीला होती. त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावर माडांना काळ्या डोक्याची अळी लागली होती. झावळ्यांच्या पोटाला जाळी करून आत बसायची आणि हिरवं सगळं खरवडून खायची. लांबून बघितलं तर माड भाजून काढल्यासारखे दिसायचे. भाऊसाहेबांचं म्हणणं होतं, माडांच्या मुळांतून विषारी औषध द्या. शर्वरी म्हणायची, त्याची गरज नाही, ही अळी मारणारी एक गांधीलमाशी असते.

"केवढी?" मी विचारलं होतं.

"मुंगीएवढी. काळी. अळीला डंख मारते, तिच्यावरच अंडी घालते. पिल्लं अळी खाऊनच मोठी होतात."

"आणि एवढ्याशा जिवाला एवढ्या उंच माडावर अळी सापडते कशी?"

"वासानं, आई. अळीनं कुरतडलं की पानाला वेगळाच वास सुटतो. अळीच्या जाळीला, घाणीलाही असतो. आपल्याला कळत नाही, माशीला बरोबर कळतो. झाड बोंब मारतं म्हणा ना."

मला ते फार आवडलं होतं. मी दिवसभर गावात बोंब मारत फिरते तेव्हा कुठे गिऱ्हाईक येतं. माडालाही तेच करावं लागतं म्हणजे.

तालुक्याच्या ऑफिसात जागा नव्हती, म्हणून त्या माश्या आमच्याच घरात वाढत होत्या. माझी सुकट ठेवायची खोली मी रिकामी करून दिली. तिथे फळीवर काचेच्या नळ्या, आत माश्या, त्यांना खायला धान्यातल्या अळ्या आणि मधाचा थेंब. नळ्यांची तोंडं बांधायची मलमल मध्येच संपली, तेव्हा मीच माझं एक जुनं लुगडं फाडून दिलं. साबणानं खसखसून धुतलं होतं हो. उरलेल्या तुकड्याची मी डोक्यावर पाटीखाली ठेवायची चुंबळ वळली. आमच्यात कापड वाया घालवत नाहीत.

उद्याच्या कार्यक्रमावर सगळं अडून होतं. बागायतदारांसमोर माश्या माडावर गेलेल्या साहेबांनी बघितल्या तर शर्वरीचं काम इथेच पुढे चालणार. नाही तर गावात औषध येणार आणि तिची बदली घाटावर होणार. पोरगा समुद्रावर, सून घाटावर, आणि मी त्या घरात एकटी मांजरांशी बोलत बसणार. मला झोप येईना झाली होती त्या विचारानं.

म्हणून भाऊसाहेबांकडून घरी आले ती सरळ चूल पेटवली, हंडा चढवला, धुण्याचा सोडा टाकला आणि माझी होती नव्हती ती सगळी लुगडी उकळायला घातली. काठीनं दाबत होते, ढवळत होते. पाण्याला असा काही वास सुटला की माझं मलाच मळमळलं. इतकी वर्षं हा वास घेऊन मी लोकांच्या दारात उभी राहत होते?

शर्वरी ऑफिसातून आली. "आई, एवढं काय धुताय?"

"उद्या तुझा मोठा दिवस ना? स्वच्छ नको?"

"पुढची खुर्ची तुमची आहे बरं का. तुमच्या खोलीत वाढल्यात त्या. तुम्ही माहेरवाशिणींच्या आई!" ती हसत आत गेली. भाऊसाहेब काय बोलले ते मी तिला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

सकाळी बघते तर एकही लुगडं सुकलं नव्हतं. खारी हवा, ढग भरलेले, आणि जाड कापड. सगळी दोरीवर पाणी गाळत होती. अंगावर कालचंच, बोंबील कापलेलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. साहेबांशेजारी खुर्चीत बसायला माझ्याकडे तेच एक लुगडं उरलं, ज्याच्यामुळे हे सगळं रामायण झालं होतं.

शर्वरी नळ्यांची पेटी घेऊन पुढे गेली होती. "या हं वेळेवर," म्हणाली. मी हो म्हटलं आणि पाटी उचलून उलट्या दिशेनं विकायला निघाले.

पण लक्ष लागतंय का? एका बाईला मांदेली देताना दुसरीचे बांगडे तिच्या ताटात टाकले. पाटी कशीबशी रिकामी केली आणि माझे पाय आपोआप चुरींच्या वाडीकडे वळले. मागच्या बाजूनं, समुद्राकडून शिरले. तिथे जुनी विहीर आहे, तिच्या कठड्याआड बसले. समोर एक बुटका माड, झावळ्या हाताला लागतील असा. त्याच्या पुढे खुर्च्या, सगळे बागायतदार, आणि टेबलाशी माझी सून.

मी मुद्दाम ती बाजू धरली होती. कोळ्याच्या बाईला वारा शिकवायला नको. सकाळी वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो, मतलई म्हणतो आम्ही त्याला. माझा वास गेला असता तो थेट समुद्रावर, माणसांकडे नाही. चांगली हिशेबानं बसले होते मी.

पण साहेब वेळेवर आले नाहीत. लोक चहा प्यायले, पुन्हा प्यायले. भाऊसाहेब रुमालाला अत्तर लावून वारा घेत होते. ऊन चढलं. साहेबांची गाडी आली, हार झाले, आणि शर्वरी बोलायला उभी राहिली तेवढ्यात माझ्या मानेमागे गार लागलं.

वारा फिरला होता. आता तो समुद्रावरून येत होता, माझ्या पाठीवरून, विहिरीवरून, सरळ त्या माडाकडे. तिथून उठावं तर सगळ्यांना दिसणार. मी अंग चोरून तशीच बसले. चुंबळ हातात घट्ट धरून पुटपुटत होते, एकवीरा आई, एवढं निभावून ने.

शर्वरीनं एकेका नळीचं कापड सोडलं. लोक माना पुढे काढून बघू लागले. काळे काळे ठिपके नळीच्या काठावर आले, थांबले, आणि उडाले. माडाच्या दिशेनंच उडाले. माझा जीव हलका झाला.

पण ते माडावर बसले नाहीत. झावळ्यांना वळसा घातला आणि पुढे निघाले.

"अरे, ह्या चालल्या कुठे?" कोणीतरी ओरडलं.

लोक उठले. माश्यांच्या मागे भाऊसाहेब, त्यांच्या मागे साहेब, सगळे विहिरीकडे. मला पळायलाही जागा नव्हती. मी कठड्याआड उकिडवी, पुढ्यात रिकामी पाटी, आणि हातातल्या चुंबळीवर त्या मुंग्यांसारख्या माश्या तुरुतुरु चालत होत्या. दोन माझ्या मनगटावर, बाकीच्या निऱ्यांवर.

भाऊसाहेबांनी टाळी वाजवली.

"मी काल काय म्हटलं होतं! साहेब, बघा, ह्या गांधीलमाश्यांना नारळ नको, सुकट पाहिजे!"

वाडी हसण्यानं दणाणली. साहेबही हसले, रुमाल नाकाला लावून. लाज म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं मला. डोकं वर होईना. स्वतःच्या लाजेचं मी काही केलं असतं हो. पण पोरीचं घर मी उठवलं होतं, तिच्याच साहेबांसमोर. धरणी दुभंगली असती तर आनंदानं उडी मारली असती.

शर्वरी धावत आली. ती मला रागावेल असं वाटलं, आणि खरं सांगते, रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर मातीत गुडघे टेकून बसली आणि माझ्याकडे नाही, चुंबळीकडे बघत राहिली.

"आई, ही चुंबळ कशाची आहे?"

"लुगड्याची."

"कुठल्या?"

"तुझ्या नळ्यांना फाडलं ना, त्याच. चूक झाली गं पोरी. मी घरीच बसायला पाहिजे होतं."

ती उठली. लोकांकडे वळली.

"साहेब, माशी चुकलेली नाही. ह्या माश्या माडावर जन्मल्याच नाहीत, आमच्या घरात, नळीत जन्मल्या. तिथे खाणं मिळायचं तेव्हा एकच वास यायचा, नळीवरच्या कापडाचा. त्या शिकल्या की हा वास आहे तिथे अळी आहे. माडाच्या जाळीचा वास मी त्यांना दाखवला, पण शेवटी शेवटी दाखवला. कापडाचा वास जन्मापासूनचा. माशी वास शिकते, हे मला माहीत होतं. नळीला कापड कुठलं बांधलंय, हे मी बघितलं नाही. माझं चुकलं."

"म्हणजे प्रयोग फसला," भाऊसाहेब म्हणाले.

"नाही. अजून दुसरी पेटी आहे." ती माझ्याकडे वळली. "आई, चुंबळ द्या."

"नको गं. मळकी आहे. सकाळी बांगड्याचं पाणी गळलंय तिच्यावर."

"द्या."

"चारचौघांत नको, शर्वरी. हात जोडते."

तिनं माझ्या हातातून ती अलगद सोडवून घेतली. तिच्यावरच्या माश्यांना धक्का न लावता चालत गेली, आणि बुटक्या माडाच्या सगळ्यांत जळक्या झावळीला, जिथे अळीची जाळी होती तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांधली. माझी चुंबळ. माझ्या डोक्याच्या तेलानं आणि मासळीच्या पाण्यानं काळी झालेली. गावातली मोठी मोठी माणसं तिच्याकडे मान वर करून बघत होती आणि मला वाटत होतं, कोणीतरी माझं लुगडंच सोडलंय.

मला मग तिथून उठवून वाऱ्याच्या खालच्या बाजूला, माझा वास माडाकडे जाणार नाही असं बसवलं. शर्वरीनं दुसऱ्या पेटीतल्या नळ्या उघडल्या. माश्या निघाल्या आणि सरळ चुंबळीवर जाऊन बसल्या. तिथे थोडा वेळ घुटमळल्या. मग एक खाली उतरली, जाळीपर्यंत गेली, मिशा हलवत थांबली, आणि आत शिरली. तिच्यामागे दुसरी. मग मोजणं सोडून दिलं.

"या, भाऊसाहेब," शर्वरीनं भिंग पुढे केलं. "तुमची अळी आहे, तुम्हीच बघा."

भाऊसाहेब वाकले. डोळा लावून किती तरी वेळ तसेच वाकून राहिले.

"डंख मारतेय," हळूच म्हणाले. "आयला, खरंच मारतेय."

साहेबांनीही बघितलं. विचारलं, "मॅडम, पण ह्या उंच माडांचं काय?"

"घरच्या सगळ्या नळ्यांना हेच कापड आहे. त्या माश्यांना तरी हीच खूण लागेल. पुढच्या खेपेला पहिल्या दिवसापासून माडाचाच वास देऊ. आत्ता कापडाचे तुकडे वर बांधू. आई, बाकीची लुगडी आहेत ना घरी?"

मी खाली बघितलं. "उकळली."

"सगळी? काल ती..." ती थांबली. "का, आई?"

भाऊसाहेबांनी घसा खाकरला आणि दुसरीकडे बघितलं. शर्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला सगळं कळलं. तिचे डोळे भरून आले. पहिल्या दिवशी जवळ्याच्या ताटावर आले होते तसे.

"मला सांगायचं तरी," एवढंच म्हणाली.

मग मी उठले. चुरींच्या गोठ्याच्या आडोशाला गेले. शर्वरीनं तिच्या पिशवीतली साडी दिली, साहेबांसमोर नेसायला म्हणून आणलेली पण घाईत राहिलेली. मी अंगावरचं लुगडं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. नारळ उतरवणारा पाडेली कोयता घेऊन माडावर चढला तेव्हा त्याच्या कमरेला माझ्या लुगड्याच्या चिंध्या होत्या. मी वर बघितलं नाही. गोल साडी मला आयुष्यात नेसता आली नव्हती. पायात घोटाळत, मान खाली घालून घरी आले. वाटेत मांजरं बसली होती, त्यांनी मला ओळखलंच नाही. एकही मागे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आमच्या दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. अंगणातल्या दोरीवर माझी उकळलेली लुगडी वाळत होती, त्यांच्या मधोमध ते उभे. धुवट धोतर, हातात रुमाल, अत्तराचा वास माझ्या चुलीपर्यंत.

"हंसाबाय, कापड पुरलं नाही गं. माझी खालची वाडी तशीच राहिली. ह्यातलं एखादं..."

"धुतलेलं आहे. कामाचं नाही."

"मग?"

"मग थांबा. आठ दिवस नेसते, मासळी विकते, मग देते." आणि माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ते काही खोटं नाही. मी पुढे म्हटलं, "आणि भाऊसाहेब, तुम्ही जरा लांबच उभे राहा हां. कापडाला अत्तराचा वास लागेल."

ते दोन पावलं मागे झाले. रुमाल खिशात कोंबला. आणि हसले. परवा मी हसले होते ना, त्यांच्या पायरीशी, अगदी तसंच हसले.

ते हसू मी बघितलं. वाटलं होतं, बदला घेतल्यावर गार वाटेल. कसलं काय! दोन दिवसांत जेवढी लाज सोसली होती, तेवढी पुन्हा एकदा वाटली. शर्वरी खोलीच्या दारातून बघत होती.

"या, भाऊसाहेब, वर या," मी म्हटलं. "चहा टाकते."

ते ओटीवर बसले. मी कप आणून दिला. माझ्याच हातांनी, ज्या हातांनी पहाटे बोंबील निवडले होते. कप तोंडाशी नेताना क्षणभर ते थांबले. मग प्यायले, सगळा, अगदी तळाच्या साखरेपर्यंत.